चिऱ्यावर ठेवलेली गाडी

"मागे पाटा-वरवंटा ठेवलायस का रे?" आईने विचारलं.

2019 च्या गणपतीतली गोष्ट. हातखंब्याहून रत्नागिरीकडे येत होतो, रस्ता नेहमीसारखा पावसाने खाल्लेला. आई सगळ्यात मागच्या सीटवर बसली होती, कारण मधल्या रांगेत पाहुणे होते. मी आरशात न बघताच म्हटलं, "स्टेपनी हलत असेल." इनोव्हाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. घरी आल्यावर मी वाकलो, स्टेपनी अर्धा फेरा वर आवळली आणि हात झटकून चहाला गेलो.

वाकलो होतोच, तर मान आणखी दीड हात आत घातली असती, तर पुढची दोन वर्षं आणि सव्वीस हजारांच्या वर रुपये वाचले असते. हा आकडा मी नंतर वहीत बेरीज करून काढलेला आहे. त्यातली जी वस्तू खरोखर बिघडलेली होती आणि जिच्यामुळे तो पाटा-वरवंटा वाजत होता, ती साडेसहाशे रुपयांची होती.

गाडीबद्दल थोडं सांगतो. 2009 ची इनोव्हा, डिझेल, मी 2016 च्या शेवटी दुसऱ्या हातातून घेतली. काट्यावर एक लाख साठ हजार किलोमीटर होते. विकणाऱ्याने तो आकडा सांगताना नजर जरा खाली घातली होती, पण गाडी तेव्हा मऊ चालत होती. आमच्याकडे त्याआधी वडिलांच्या वेळची ओम्नी होती. ओम्नीला मागे पाटे. पाटे बसले की एक पाटा वाढवायचा, एवढंच माझं गाड्यांच्या मागच्या बाजूचं शिक्षण. इनोव्हाला पाटे नाहीत, मागे गोल स्प्रिंगा आहेत, हे मला माहीत होतं. त्या स्प्रिंगा फक्त वजन पेलतात, एक्सलला जागेवर धरून ठेवण्याचं काम दुसरंच कोणीतरी करतं, हे मात्र माहीत नव्हतं. ओम्नीत दोन्ही कामं पाटाच करायचा. माझ्या पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

आणखी एक कबुली इथेच देऊन टाकतो. आमची हापूसची दीडशे कलमं आहेत. एप्रिल-मे महिन्यांत मागच्या सीटा दुमडून याच गाडीत मी पेट्या भरतो. पाच डझनी पेटी म्हणजे लाकूड आणि पेंढा धरून अठरा-वीस किलो. तेव्हा अशा पंचेचाळीस पेट्या एका खेपेला. खासगी नंबरच्या गाडीतून असा माल वाहणं नियमात बसत नाही आणि गाडीच्या हाडांतही बसत नाही. पहिल्याबद्दल मला कोणी धरलं नाही. दुसऱ्याबद्दल धरलं.

तर, आवाज. दसऱ्यापर्यंत तो मलाही ऐकू यायला लागला. 'टक' असा कोरडा, एकच ठोका. खड्ड्यात मागचं चाक गेलं की टक. गाडी अंगणात वळवताना रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकली की वेगळाच, जरा जाड 'ढप्'. हे दोन आवाज वेगळे आहेत हे मी आज लिहितोय. तेव्हा माझ्या लेखी एकच आवाज होता आणि त्याचं नाव मी ठरवून टाकलं होतं: शॉकअप.

शॉकअपच का? कारण शॉकअप हा शब्द मला येत होता. दुसरं काही कारण देता येत नाही. गावाबाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली आणि मेस्त्रीला आवाजाबद्दल काही विचारलंच नाही. थेट म्हटलं, "मागचे दोन्ही शॉकअप बदलायचे आहेत." त्याने एकदा विचारलं, "तेल गळतंय का?" मी म्हटलं, "तू बदल." गिऱ्हाईक जे मागतं ते दिलं की भांडण होत नाही, हे त्यालाही कळत होतं. दोन तासांत नवे शॉकअप बसले. जुने मी घरी आणले. भंगारात द्यायचे म्हणून कौलं ठेवतो त्या पडवीत टाकले.

आणि आवाज गेला! चार दिवस गेला. मी बायकोला, पुतण्याला, शेजारच्या दूधवाल्याला सांगून टाकलं की आवाज शॉकअपचाच होता. पाचव्या दिवशी कळलं की त्या चार दिवसांत गाडी सतत भरलेली होती. सुपारीची पोती, काँक्रीटच्या रिंगा, एकदा चुलतभावाचं अख्खं बिऱ्हाड. भरलेली गाडी खड्ड्यात बसत जाते, रिकामी उडते. शिवाय भरलेली असताना मी हळू चालवतो आणि सामानाच्या करकरीत बारीकसारीक काही ऐकू येत नाही. पाचव्या दिवशी एकटाच पालीला निघालो आणि पहिल्याच मोरीवर मागून टक.

ही खूण हातात धरून कोणीही शहाणा माणूस पुढे विचार करत गेला असता. मी ऑनलाइन रबराचे बफर मागवले. स्प्रिंगेच्या दोन वेढ्यांमध्ये बसवायचे जाड, पारदर्शक गोळे असतात ते. ओम्नीचा पाटा वाढवण्याचं ज्ञान इथे कामी आलं, दुसरं काय. त्यामुळे मागची बाजू बोटभर उचलली गेली आणि एक्सलचा सगळा ताल बदलला. 2020 च्या टाळेबंदीत व्यापारी बाजार ठप्प होता तेव्हा पास काढून मी स्वतः मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये पेट्या पोचवल्या. जाताना गाडी बरी वाटायची. रिकामी परत येताना मात्र साठ-सत्तरच्या पुढे गेलो की मागचा भाग आपल्या मनाने चालायचा. ट्रक शेजारून गेला की शेपूट एकदा डावीकडे, मग उजवीकडे. आरवलीच्या पुढे एकदा तर मला वाटलं मागचं टायर बसलं. उतरून चारही चाकांना लाथा मारल्या, सगळी कडक होती. बफर मे महिन्याच्या शेवटी काढून टाकले. एक आजही कुंपणाच्या फाटकाला ठोकर म्हणून बांधलेला आहे आणि तिथे तो उत्तम काम करतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मागच्या टायरांवर हात फिरवला तर तळव्याला खवले लागल्यासारखं लागलं. उंच, सखल, उंच, सखल. मी दोन टायर नवे घेतले आणि चारचाकी अलाइनमेंट करून द्या म्हटलं. तिथल्या मुलाने चाकांना आरसे लावले, मशीनने कागद छापला. त्याने कागद माझ्यापुढे धरून सांगितलं, "काका, मागचं लाल येतंय. पण याला मागे ॲडजस्टमेंट नसते, अखंड एक्सल आहे. पुढचं सरळ करून देतो, स्टेअरिंग सरळ राहील." स्टेअरिंग तेव्हा जरा डावीकडे झुकलेलं राहायचं, हे मी सवयीने विसरूनच गेलो होतो. त्याने ते सरळ करून दिलं. मी खूश. कागद घडी करून पुढच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली.

त्या कागदावर थ्रस्ट अँगल म्हणून एक रकाना होता, तो लाल होता. त्याचा अर्थ असा की मागचा एक्सल गाडीच्या मधल्या रेषेला काटकोनात नाही. एक चाक जरा पुढे, एक जरा मागे. म्हणजे गाडीचं धड एकीकडे तोंड करून चाललंय आणि मागची चाकं दुसरीकडे ढकलतायत. ज्या एक्सलला ॲडजस्टमेंटच नाही तो तिरका कसा झाला, हा प्रश्न मी त्या मुलाला विचारायला हवा होता. स्वतःला तरी. निदान उत्तराच्या अर्ध्या वाटेवर मी तेव्हाच उभा होतो आणि त्यासाठी पैसेही भरले होते.

आता जानेवारी 2021. ही चूक सगळ्यात मोठी, आणि तिच्यात मी मरायचा राहिलो.

टाळेबंदीत मी गाडी दुरुस्तीचे पुष्कळ व्हिडिओ पाहिले होते. त्यातून एवढं कळलं होतं की एक्सलला चार आर्म धरून ठेवतात, दोन वर, दोन खाली, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना रबराचे बुश असतात. मी ठरवलं, खालच्या आर्मचे बुश आपण स्वतः बदलायचे. बुश बाजारातल्या दुकानातून आणले. शॉकअप झाले, बफर झाले, टायर झाले, आता उरले ते बुश, एवढाच माझा तर्क. आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये पहार घालून कोणता बुश किती हलतो हे बघायचं असतं, हे व्हिडिओत होतं. तेवढा भाग मी पुढे ढकलून पाहिला होता.

अंगणात गाडी लावली. मागून जॅकवर घेतली. आता गाडी ठेवायची कशावर? गॅरेजमध्ये याला घोडी असते, लोखंडी, तीन किंवा चार पायांची. माझ्याकडे घोडी नव्हती, पण नव्या न्हाणीघरासाठी आणलेले चिरे होते. जांभ्याचा चिरा आमच्या घरांच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या पेलतो, माझ्या गाडीची चॅसी पेलणार नाही का, असा विचार केला. दोन बाजूंना तीन-तीन चिरे रचले आणि चॅसी त्यांवर टेकवली.

भिंतीत चिरा सगळ्या अंगाने सारखा दाबला जातो. इथे चॅसीची चार बोटं रुंद पट्टी त्याच्या एका कडेवर टेकली होती. जांभा आतून छिद्रांचा, पोकळ्यांचा असतो. मी तासभर गाडीखाली होतो. गंजलेला बोल्ट सुटेना, समुद्राकडची हवा बोल्टांना काय करते ते इथल्या माणसाला सांगायला नको. डब्ल्यूडी-४० मारून लांब पाइप आणायला बाहेर सरकलो, उठून उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले. आणि कुरकुर असा आवाज आला, बिस्किट चुरडावं तसा. उजवीकडचा वरचा चिरा खचला, गाडी वीतभर खाली आली आणि मी जिथे डोकं ठेवलं होतं तिथे एक्सलचा गोळा मातीला टेकला.

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. "काय पडलं?" मी म्हटलं, "चिरा." ती आत गेली. संध्याकाळपर्यंत तिला मी दुसरं काही सांगितलं नाही आणि खरं सांगायचं तर हे वाचेपर्यंत तिला पूर्ण माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन घोड्या विकत आणल्या. शहाणपण आलं ते तेवढ्या एका बाबतीत. कारण त्याच दिवशी मी खालचे दोन्ही आर्म एकदम सोडवले. एक काढायचा, बसवायचा, मग दुसऱ्याला हात लावायचा, हे साधं धोरण आहे. दोन्ही एकदम काढल्यावर खालून धरायला कोणी उरलं नाही आणि सगळा एक्सल वरच्या आर्मवर झोपाळ्यासारखा फिरला. नाक खाली, पोट मागे. ब्रेकचा होज ताणून कडक झाला. तो फाटला नाही ही माझी पुण्याई नव्हे. जुने बुश काढायला मी रबर जाळलं, त्या वासाने शेजारचे दोन वेळा चौकशीला आले. मग बाहेरची लोखंडी नळी हॅक्सॉने कापताना एका आर्मच्या भोकात चांगला दोन सूत खोल चरा पाडला. तो आर्म नवा घ्यावा लागला. उरलेल्यात बुश बसवायला लेथवाल्याकडे प्रेसवर नेले, तेवढी अक्कल अजून शिल्लक होती. परत बसवताना भोकं जुळेनात. डिफरन्शियलच्या नाकाखाली छोटा जॅक लावून, पुतण्याकडून पहार दाबून घेत, रात्री दहा वाजता शेवटचा बोल्ट आत गेला. सगळे नट तिथेच, गाडी घोड्यांवर असताना, एक्सल खाली लोंबकळत असताना, पाइप लावून जोर काढून आवळले. मला वाटलं, आता आयुष्यभर सुटणार नाहीत.

रिव्हर्समधून पहिल्यात टाकतानाचा 'ढप्' गेला. खड्ड्यातला 'टक' तसाच. वर उजव्या बाजूने नवीनच 'कट्' ऐकू येऊ लागला. तो मीच आणलेला होता. एक्सल फिरला तेव्हा उजवी स्प्रिंग तिच्या बैठकीतून सरकली होती, तिचं टोक खाचेत बसलंच नव्हतं. ते आठवड्याने कळलं आणि पंधरा मिनिटांत सुटलं. ती तेवढी एकच गोष्ट मी आधी पाहून मग हाताने केली.

मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं. झाडावरचा उरलेला आंबा जमिनीवर आला, त्या दिवसांत गाडीकडे बघायलाही फुरसत नव्हती. जूनमध्ये बॅटरी घेऊन खाली वाकलो तर जानेवारीत बसवलेल्या तीन नव्या बुशांचं रबर फाटून जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. पाच महिने! जुने निदान बारा वर्षं चालले होते.

माझ्या डोक्यात एकच शब्द आला: डुप्लिकेट.

मी त्यातला एक बुश काढून घेतला, रुमालात बांधला आणि दुकानात गेलो. दुकान भरलेलं होतं. मी बुश काउंटरवर आपटला. काय काय बोललो ते इथे सगळं लिहीत नाही. नकली माल विकता, आमच्या जिवाशी खेळता, ही वाक्यं होती. चिऱ्याखालून वाचलेला माणूस दुसऱ्याला सांगत होता की तू माझ्या जिवाशी खेळतोस. दुकानदार माझ्याच वयाचा. त्याने बुश उचलला, उजेडाकडे धरून फिरवून पाहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. गल्ल्यातून बुशांचे सगळे पैसे काढून माझ्यापुढे ठेवले. मी ते घेतले. हे लिहिताना हात थांबतो, पण घेतले.

दिवाळीला बायकोचे मामा आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मी त्यांना आवाजाची कथा सांगायला सुरुवात केली, शॉकअपपासून. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"काय बदललंस ते नको सांगू. रिकामी वाजते की भरलेली?"

"रिकामी."

"स्पीडब्रेकरवर, म्हणजे दोन्ही चाकं एकदम चढली की? का एकच चाक खड्ड्यात गेलं की?"

मला सांगता येईना. दोन वर्षं मी तो आवाज रोज ऐकत होतो आणि मला सांगता येईना. मामा म्हणाले, चल. ते मागच्या सीटवर, जिथे आई बसली होती तिथे बसले. स्पीडब्रेकरवरून सरळ गेलो. काही नाही. मग त्यांच्या सांगण्यावरून एक चाक मोरीच्या खचलेल्या कडेवरून नेलं. टक. मामांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली.

गावातल्या जुन्या भातगिरणीमागे ट्रकसाठी खणलेला एक पिट आहे. त्यावर गाडी घेतली. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर, आणि आम्ही दोघं खाली. हे महत्त्वाचं. मी आजवर जेव्हा जेव्हा गाडीखाली शिरून पाहिलं, तेव्हा गाडी हवेत लोंबकळत होती, सगळे सांधे सैल आणि निवांत. मामांनी पुतण्याला मागच्या कोपऱ्याला खांदा लावून गाडी आडवी हलवायला सांगितली. खाली-वर नव्हे, आडवी. चार आर्मच्या पलीकडे, एक्सलच्या मागे, एक आडवा रॉड जातो. एक टोक एक्सलला, दुसरं चॅसीला. चार आर्म एक्सलला पुढे-मागे जाऊ देत नाहीत, हा पाचवा त्याला डावी-उजवीकडे जाऊ देत नाही. कमरपट्टाच म्हणा. व्हिडिओ बघताना हा मला कधी दिसलाच नव्हता. दिसला असेल, पण मी आर्म मोजत होतो.

"चॅसीकडच्या टोकावर बोट ठेव. अर्धं रॉडवर, अर्धं ब्रॅकेटवर."

ठेवलं. वरून पुतण्याने खांदा मारला. बोटाखाली रॉड सरकला, अर्धी पेर तरी, आणि टक. तोच. कानापेक्षा बोटाला आधी कळला. बुशचं रबर आतल्या नळीपासून पूर्ण सुटलं होतं, भोकात नुसता बोल्ट खुळखुळत होता. एक्सल उचलला गेला की हा रॉड कंसासारखा फिरतो आणि एक्सलला किंचित आडवा ढकलतो. दोन्ही चाकं एकदम चढली तर सावकाश. एक चाक आपटलं की झटक्याने. ट्रक शेजारून गेल्यावर शेपूट डावी-उजवीकडे का जायची, तेही तिथेच, त्या बोटभर जागेत होतं.

मग त्यांची बॅटरी माझ्या फाटलेल्या बुशांवर गेली.

"हे कधी बसवलेस?"

"जानेवारीत. दुकानदाराने नकली दिले."

"नट कसे आवळलेस?"

"गाडी घोड्यांवर होती तेव्हाच. एकदम कडक."

मामा काही बोलले नाहीत. खांद्यावरचा पंचा काढून त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धर." दुसऱ्या टोकाने त्यांनी अर्धा पीळ दिला. "ही तुझी गाडी नुसती उभी आहे." मग आणखी पीळ दिला. "हा खड्डा." पंचा माझ्या हातातून सुटायला आला.

बुशची आतली नळी नटाने ब्रॅकेटला पक्की चिकटते. ती फिरत नसते. आर्म वर-खाली होतो तेव्हा मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. म्हणून नट आवळताना गाडी चाकांवर, आपल्या नेहमीच्या उंचीवर हवी, म्हणजे उभ्या गाडीत रबराला पीळ शून्य. मी एक्सल लोंबकळत असताना आवळले. मग गाडी खाली घेतली तेव्हाच प्रत्येक बुश पिळलेला होता, आणि त्याच अवस्थेत त्याने पाच महिने खड्डे, पेट्या, घाट सोसले. नकली असते तर पाच महिनेही टिकले नसते, असं मामा म्हणाले. बुश योग्य होते. आर्मचे जुने बुशही गेलेलेच होते. मी बदलायला घेतलेली वस्तू बरोबर होती, फक्त ती बिघडली आहे हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी विम्याचा कागद शोधताना मामांच्या हाताला अलाइनमेंटचा कागद लागला. चष्मा वर सरकवून त्यांनी तो लाल रकाना पाहिला. "मशीनने सांगितलं होतं की तुला." पडवीतले जुने शॉकअपही त्यांनी ओढून काढले, एकेक उभा धरून दाबला, सोडला. दोन्ही एकसारखे, सावकाश वर आले. त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

नवे बुश आणायला मी पुतण्याला पाठवलं. त्याच दुकानात. मी गाडीत बसून राहिलो, काच वर करून, रस्त्यापलीकडे. कोल्हापूरहून मागवावेत असाही विचार केला होता. साडेसहाशेच्या वस्तूसाठी आंबा घाट चढण्याइतका मी भेकड आहे, हे तेव्हा कळलं.

बसवताना एक आर्म काढला, बसवला, मग दुसरा. आडवा रॉड सगळ्यात शेवटी. नट नुसते हाताने लावले. गाडी खाली घेतली, पिटवर चार वेळा पुढे-मागे केली, पुतण्याने मागच्या बंपरवर उभं राहून दहा वेळा दाबली. मग पिटमध्ये उतरून, वजन चाकांवर असताना, नट आवळले. मी विचारलं, मामा, माझी गाडी दोन महिने भरलेली आणि दहा महिने रिकामी, मग कुठल्या उंचीवर आवळायचे? ते म्हणाले, "रिकामी. आणि पेट्या तीसच्या वर नकोत." गेल्या सीझनला मी बत्तीस नेल्या.

आवाज गेला. या वेळी मी कोणालाही सांगितलं नाही. तीन आठवडे रोज रिकामी गाडी घेऊन त्या मोरीच्या कडेवरून जात राहिलो.

मग दुकानात गेलो. वायपरचं रबर घ्यायचं निमित्त केलं. घरातून निघताना दोन वाक्यं ठरवली होती, रस्त्यात ती तीनदा बदलली. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती, ती जाण्याची वाट पाहिली, तोवर तिसरं आलं. शेवटी म्हटलं, "जूनमध्ये मी तुम्हाला नको ते बोललो. बुश चांगले होते. चूक माझी होती."

दुकानदाराने वायपरच्या खोक्यातून मान वर केली. "कुठले बुश?"

मला वाटलं टोमणा आहे. तसं नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. मग मला ते सगळं परत सांगावं लागलं, तिसऱ्या गिऱ्हाइकासमोर. काउंटरवर बुश आपटला ते, नकली म्हणालो ते, पैसे परत घेतले ते. पैसे मी पाकिटात घालून आणले होते, ते पुढे केले. तो पाकिटाकडे बघत म्हणाला, "असे महिन्याला दोन-तीन येतात."

तिसरा माणूस इतका वेळ ऐकत होता. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेले टॅव्हेराचे शॅकल बुश होते. त्याने विचारलं, "मग नट आवळायचे कधी म्हणालात?"

मी काउंटरवर एक हात एक्सल म्हणून ठेवला, दुसरा आर्म म्हणून, आणि त्याला सांगायला लागलो. दुकानदाराने वायपरचं रबर पुढे सरकवलं. एकशे ऐंशी रुपये.